दार मोजले, खोली मोजलीच नाही

मी एक जुनी बिडाची शेगडी आहे. जुनी म्हणजे किती, ते विचारू नका. उंची म्हणाल तर चांगल्या उंच माणसाच्या खांद्याला लागते. आणि वजन म्हणाल तर, मित्रांनो, मला एकदा काट्यावर चढवले होते, तेव्हा त्या काट्याने जी मान टाकली ती त्याने पुढे आयुष्यात वर केली नाही.

माझा जन्म नॉर्वेतल्या एका ओतकामाच्या कारखान्यात झाला. माझ्या रसात दोन बोटींचे नांगर होते आणि तडा गेलेली चर्चची एक घंटा होती. म्हणून मी तापू लागले की आधी नांगरासारखी कुरकुरते आणि नीट तापले की घंटेसारखी गुणगुणते. खोटे वाटत असेल तर कान लावून बघा. मात्र मी थंड असताना लावा. माझ्या कुशीवर कारागिराने आमच्या रानातले थोरले हरीण कोरले आहे. त्या बिचाऱ्याने हरीण कधी पाहिले नव्हते, शेजाऱ्याची बोकडे मात्र रोज पाहत होता. त्यामुळे ते जनावर नेमके कोण, यावर आजही मुलांची भांडणे होतात. मी कोणाचीच बाजू घेत नाही.

कारखान्यातून मी निघाले ती थेट ल्युंगदाल खोऱ्यातल्या रेल्वे स्टेशनावर आले. तिथली उतारूंची खोली ही खोली नव्हतीच, ते छप्पर घातलेले मैदान होते. तीन दारे होती आणि गाडी आली की तिन्ही एकदम उघडत. आत येणाऱ्या प्रत्येक माणसाबरोबर घमेलेभर वारा येई. तिथे माझ्याएवढीच शेगडी हवी होती. हातभर लांबीची भूर्जाची लाकडे मी गिळत असे आणि उतारू माझ्याभोवती कोंडाळे करून वाफाळत असत. माझ्या वरच्या भिंतीवर स्टेशनाचे घड्याळ होते. माझ्या उबेने ते सुस्तावले आणि मागे पडू लागले. त्याचा परिणाम असा झाला, मित्रांनो, की आमच्या स्टेशनावर गाडी कधीच उशिरा आली नाही.

त्याच स्टेशनावर मला एम्ब्रिक भेटला. तो रुळांवरचा बर्फ लोटणाऱ्या इंजिनावर होता. पहाटेची फेरी आटपून तो आत येई तेव्हा त्याच्या मिशांना बर्फाच्या काड्या लोंबत असत. माझ्याकडे पाठ करून तो उभा राही, हातमोजे माझ्या डोक्यावर वाळत घाली आणि म्हणे, "वाईट नाही."

आमच्या खोऱ्यात याहून मोठे कौतुक नाही. लग्नात नवरीकडे पाहून कोणी "वाईट नाही" म्हणाले की नवरीची आई डोळ्यांना रुमाल लावते. आणि आमच्या लोकांची आणखी एक रीत आहे. विचारल्याशिवाय कोणी कोणाला सल्ला देत नाही. तुझे घर, तुझी शेगडी, तुझे डोके. शेजाऱ्याने उलटा घोडा जुंपला तरी आमचा माणूस टोपी वर करील, "हवा छान आहे" म्हणेल आणि पुढे जाईल. ही रीत मोठी सभ्य आहे. तिच्यापायी एका घरावर जळायची वेळ आली, तीच तर गोष्ट सांगायची आहे.

एके वर्षी गाड्या आमच्या स्टेशनावर थांबायच्या बंद झाल्या. तिन्ही दारांना कुलपे लागली. मी गंजले. माझ्या पोटात उंदरांचे एक कुटुंब राहायला आले. उंदरीण टापटिपीची होती आणि बोलायला गोड, पण ऊब ती काय, एका उंदराएवढी. मला वाटले, संपले आता. भंगारवाला येईल आणि माझा पुन्हा नांगर होईल.

आला तो एम्ब्रिक. पेन्शनीत निघालेला, मिशा पांढऱ्या झालेल्या. गंज खरवडता खरवडता तो माझ्याशी बोलू लागला. त्याला वाटते शेगडीला ऐकू येत नाही.

"आमची शेगडी गेली बघ," तो म्हणाला. "पाठीचा पत्राच दुभंगला. आणि बोर्गहिल्ड म्हणते, हा एक हिवाळा बघते. घर नीट ऊबदार झालं तर राहते, नाहीतर बर्फ वितळायच्या आत बहिणीकडे, शहरात. कायमची. मलाही चल म्हणते. पण मी शहरात जाऊन लोटू काय?"

बोर्गहिल्ड म्हणजे त्याची बायको. त्याने खिशातून टेप काढली. मला आडवे मोजले, उभे मोजले, बोटांवर काहीतरी आकडेमोड केली आणि त्याचा चेहरा खुलला.

"दारातून जातेस! वर बोटभर जागा उरते."

झाले. एवढ्यावर माझी निवड झाली. मी खूश, एम्ब्रिक खूश. उंदरीणही खूश, कारण ती सामानासकट माझ्या राखेच्या खणात बसून आली.

त्यांचे घर जुने होते. जाड ओंडक्यांच्या भिंती होत्या आणि ओंडक्यांच्या फटींत रानातले शेवाळ इतके घट्ट ठासलेले होते की वाऱ्याला आत यायचे तर परवानगी काढावी लागे. छत इतके बुटके, की एम्ब्रिक घरात वावरताना सगळ्यांना नमस्कार करतो आहे असे वाटे. बैठकीच्या खोलीत दोन लहान खिडक्या, एक बाक आणि अर्धी खोली व्यापून बसलेला बोर्गहिल्डचा हातमाग. उरलेल्या अर्ध्या खोलीत त्यांनी मला उभे केले, तेव्हा पाळण्यात बैल निजवल्यासारखे दिसले. मी मनात म्हटले, अगं बाई, इथे?

बोर्गहिल्ड मळ्यातून बटाट्यांची टोपली घेऊन आत आली आणि दारातच थांबली.

"हे काय?"

"शेगडी."

"शेगडी होय. मला वाटलं इंजिनच आणलंस."

"अगं, स्टेशनातली! आपली जुनी!"

"तुझी जुनी. माझी कुठली?" तिने टोपली खाली ठेवली. "दारातून आली ही?"

"बोटभर जागा ठेवून," एम्ब्रिक छाती काढून म्हणाला. छाती काढली म्हणून त्याचे डोके तुळईला आपटले.

बोर्गहिल्डने छताकडे पाहिले, मागाकडे पाहिले, मग एम्ब्रिककडे पाहिले. तो माझ्या डोक्यावरून हात फिरवत उभा होता. ती बटाटे धुवायला गेली. विचारल्याशिवाय बोलायचे नाही ही रीत आमच्याकडे नवराबायकोतही चालते.

हिवाळा आला. पारा उणे तिसाच्या खाली घसरला, तेव्हा एम्ब्रिकने शेजाऱ्यांना माझी ऊब बघायला बोलावले, कॉफी आणि वेफल म्हणजे आमची जाळीदार धिरडी खायला. त्याने मला पोटभर लाकूड दिले. मीही ठरवले, ह्याची मान खाली जाऊ द्यायची नाही. पेटले, मित्रांनो! स्टेशनावर पेटत होते तशीच पेटले.

आधी टेबलावरच्या मेणबत्त्या वाकल्या. सगळ्या पाहुण्यांकडे, अगदी अदबीने. मग पावावरचे तपकिरी चीज घसरून बशीत उतरले. भिंतीच्या फटीत हिवाळ्याची झोप घेणारी माशी उठली, वसंत आला असे समजून खिडकीवर आपटू लागली. खिडकीतल्या कुंडीतले फूल पहिल्या कपाला उमलले आणि दुसऱ्या कपाला गळून पडले. पाहुणे मात्र जाडजूड लोकरी स्वेटर घालून ताठ बसले होते.

"ऊब आहे," शेजारचा सेव्हाट म्हणाला. त्याच्या नाकावरून घामाचा थेंब कॉफीत पडला.

"आहे ना?" एम्ब्रिक म्हणाला.

"वाईट नाही."

"स्वेटर काढतोस का, सेव्हाट?" बोर्गहिल्डने विचारले.

"छे, छे! कशाला? बरं वाटतंय की." त्याचे तोंड उकडलेल्या बिटासारखे झाले होते.

"माझ्या गुडघ्यांना तर फार चांगलं," एक म्हातारी म्हणाली आणि बशीने वारा घेऊ लागली. "आणखी वेफल नको हो मला. पाणी असेल तर द्या. बादलीभर."

निरोप घेऊन सगळे बाहेर पडले आणि पायरीवर उभे राहून सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. त्या वाफेचा ढग झाला आणि पलीकडच्या शेतावर जाऊन त्यातून बर्फ पडला. मी स्वतः पाहिले नाही. उंदरीण सांगत होती आणि उंदरीण सहसा खोटे बोलत नाही.

एम्ब्रिकला उकडत नव्हते असे नाही. पण त्याने त्यावर एक उपाय काढला. माझी हवेची झडप तो जवळजवळ बंद करू लागला. मित्रांनो, पैलवानाला दिवसभर एक शेंगदाणा चघळायला द्या आणि सांगा, संपवायचा नाही. तशी माझी गत झाली. लाकूड माझ्या पोटात जळेना, नुसते धुमसत राही. धूर सुस्त पावलांनी धुराड्यात चढे आणि अर्ध्या वाटेत भिंतीला चिकटून बसे. त्याचे काळे डांबर होऊ लागले. खोलीभर त्याचा वास. मला दाबले की हा वास, आणि जरा मोकळे सोडले की मागावरचे ताण्याचे सूत कोरडे पडून तटातट तुटे. बोर्गहिल्ड गाठी मारून मारून कंटाळली. तिचे विणकाम दिवसाला वीतभर पुढे जायचे, ते बोटभर जाऊ लागले.

सर्वांत आधी मांजर घर सोडून बाहेरच्या ओसरीवर झोपायला गेले. मग बोर्गहिल्डने आपली खुर्ची उचलून घराच्या दारामागच्या थंड बोळात नेली आणि ती तिथे कोट घालून बसू लागली. एम्ब्रिक स्वयंपाकघरात बसू लागला. म्हणे, "मला इथेच बरं वाटतं." घरातल्या सगळ्यांत चांगल्या खोलीत मी एकटी बसून होते.

दर रविवारी बहिणीचा, तोराचा, शहरातून फोन येई. तिचा आवाज असा होता की फोनची गरज नव्हती, केवळ रिवाज म्हणून ती तो वापरत असे.

"अगं, इथे जमीन तापते, जमीन! मी अनवाणी फिरते. बटण दाबलं की झालं."

"आणि वीज गेली की?"

"वीज गेली की तुला फोन करते. येतेस का ते सांग. खोली रिकामी ठेवलीय तुझ्यासाठी, एक मास्तर भाड्यानं मागतोय."

"बघते."

पहिल्या रविवारचे "बघते" नुसते बघतेच होते. पण हिवाळा पुढे सरकला तसे ते "येते"सारखे ऐकू येऊ लागले. एका सोमवारी बोर्गहिल्डने माळ्यावरून सुटकेस उतरवून दाराजवळ ठेवली. एम्ब्रिकने ती पाहिली. त्याने तिच्यावरची धूळ पुसली आणि तो बाहेर जाऊन फोडलेली लाकडे पुन्हा फोडत बसला. त्या दिवशी माझ्या तोंडात काड्या पडल्या.

आता जे सांगते त्यात थट्टा नाही. एका दुपारी एम्ब्रिकला वाटले, हिला जरा मोकळा श्वास घेऊ द्यावा. त्याने झडप पुरती उघडली. माझी ज्वाळा धुराड्यात चढली आणि तिथे महिनोन्महिने साचलेल्या डांबराने पेट घेतला. धुराड्यातून घरघर आली. मोठी होत होत तिची गर्जना झाली. खिडक्यांची तावदाने थरथरू लागली.

आणि एम्ब्रिकचे डोळे चमकले. इतक्या वर्षांनी त्याने तो आवाज ऐकला होता.

"ऐकतेस? बोर्गहिल्ड, ऐकतेस? दुपारची गाडी!"

"एम्ब्रिक!" बोर्गहिल्ड बोळातून धावत आली. "गाडी स्टेशनावर येते, धुराड्यात नाही!"

तिने माझे दार आपटून बंद केले, झडप ओढली, पायाजवळची फट ओल्या पोत्याने बुजवली. एम्ब्रिकने बंबवाल्यांना फोन केला. धुराड्यातून ठिणग्या कारंजासारख्या उडून छपरावर पडत होत्या. छपरावर जाड बर्फ होता म्हणून त्या चुर्रकन विझत होत्या. त्या वेळी कोणीतरी दार वाजवले. सेव्हाट होता. हातात फावडे, मागे आणखी चौघे.

"आत येऊ का?" त्याने विचारले. "म्हणजे, घाई नाही. तुमच्या धुराड्यातून ज्वाळा येताहेत. तुम्हाला ठाऊक असेलच."

हवा तुटली तशी आग गुदमरली आणि बंब यायच्या आतच विझली. विटा टिकल्या, घर टिकले. मी थंड होत गेले आणि मला माझीच भीती वाटली. ज्याच्या मिशांचा बर्फ मी इतकी वर्षे वितळवला, त्याचेच घर मी आज जाळणार होते. माझा गुन्हा काय होता? मी मोठी होते, एवढाच.

दुसऱ्या दिवशी धुराडी साफ करणारा आस्मुंड आला. त्याने ब्रश घालून बादलीभर काळे, चकचकीत खडे काढले आणि बादली खोलीच्या मध्यभागी ठेवून तो कॉफीला बसला. सेव्हाटही विचारपूस करायला आला होता.

"शेगडीत काही खोट?" एम्ब्रिकने विचारले.

"शेगडी उत्तम आहे," आस्मुंड म्हणाला.

"धुराड्यात?"

"विटा शाबूत आहेत."

"मग?"

आस्मुंडने कॉफी ढवळली. त्याने साखर घातलेली नव्हती, तरी ढवळली. सेव्हाट खिडकीतून बाहेर बघू लागला. बाहेर बघण्यासारखे काही नव्हते. "मग?" हा काही नीट प्रश्न नव्हे, आणि नीट विचारल्याशिवाय आमच्याकडे कोणी उत्तर देत नाही.

बोर्गहिल्डने कोट चढवला. सुटकेस उचलली.

"चारची बस आहे," ती म्हणाली. "कढईत सूप आहे. मांजराला दूध ओसरीवरच ठेव."

एम्ब्रिक उठला. त्याने माझ्याकडे पाहिले. मग तिच्याकडे पाहिले. मी विझलेली होते, तरी त्याच्या कपाळावर घाम होता.

"बोर्गहिल्ड," तो म्हणाला, "तुला काय वाटतं?"

"कशाबद्दल?"

"ही शेगडी. आपल्या खोलीला." त्याने हात पसरून माझी रुंदी दाखवली. "मोठी आहे का?"

बोर्गहिल्डने सुटकेस खाली ठेवली.

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तू तिच्याकडे असं बघत होतास, की माझं धाडस होईना. आणि तू विचारलंस कुठे? दाराला विचारलंस, टेपला विचारलंस. मला विचारलंस?"

बांध फुटावा तसे झाले. एकदा विचारले म्हटल्यावर सगळे बोलू लागले.

"मोठी? अरे, त्या कॉफीच्या दिवशी मी निम्मा वितळलो!" सेव्हाट ओरडला. "घरी गेलो तर पट्टा दोन भोकं आत गेला होता!"

"लोकांना वाटतं, घर जुनं म्हणजे शेगडी मोठी हवी," आस्मुंड बादलीला पायाने सरकवत म्हणाला. "घराचं वय कशाला मोजता? खोली मोजा. छत किती उंच, वारा कुठून शिरतो, एका वेळी किती जागा तापवायची, ते बघा. शेगडी तोंड उघडून लख्ख जळायला हवी आणि तरी माणसाला तिच्याशेजारी बसता आलं पाहिजे. दाबून ठेवावी लागली की ती मोठी. सारखं कोंबत बसावं लागलं की ती लहान."

"हे तू मला आधी का नाही सांगितलंस?" एम्ब्रिक म्हणाला.

"मी धुराडी साफ करतो. हिवाळ्याच्या तोंडाला भेटलो तेव्हा तू मला हवेबद्दल विचारलंस. मी हवेबद्दल सांगितलं."

सेव्हाट मांडीवर थाप मारून हसत होता. "विचारायला हवं होतंस, एम्ब्रिक! असं असतं. माणसानं विचारावं. आता मी गावाच्या हॉलला शेगडी दिली, तेव्हा मी..." तो थांबला. त्याचे हसू हळूहळू उतरले. "तेव्हा मी कोणाला विचारलं होतं का?"

सेव्हाटने सगळ्यांकडे आळीपाळीने पाहिले.

"माझी शेगडी कशी आहे?"

"आता तू विचारलंच आहेस, सेव्हाट, म्हणून सांगते," बोर्गहिल्ड म्हणाली. ती हॉलात दर गुरुवारी गायला जात असे. "दिसायला फार गोड आहे. पण आम्ही सगळे कोट घालून गातो. वरचा सूर लावला की तोंडातून एवढी वाफ निघते, की मागच्या रांगेला वाटतं पुढची रांग पेटली."

"सासूबाईंच्या स्मरणार्थ दिली होती मी!"

"सासूबाई चांगल्या धिप्पाड होत्या," आस्मुंड म्हणाला. "स्मरण जरा लहान पडलं."

सगळ्यांत आधी सेव्हाटच हसला. मग त्याने माझ्याकडे वळून पाहिले, वरपासून खालपर्यंत, बाजारात बैल पाहतात तसे. त्याच्यामागोमाग एम्ब्रिकनेही पाहिले, आणि मला कळले की आता माझी बदली होणार.

तोवर चारची बस निघून गेली होती. "उद्याही असते," बोर्गहिल्ड म्हणाली. तिने कोट काढला, सुटकेस मात्र दाराजवळच ठेवली.

रविवारी खोऱ्यातले झाडून सारे लोक इर्जिकीला जमले. आमच्याकडे असली कामे पैशांनी होत नाहीत, माणसांनी होतात आणि शेवटी आंबट सायीच्या खिरीने होतात. मला बाहेर काढताना मात्र मी दारात अडकले.

"आली तेव्हा तर आरामात आली होती!" एम्ब्रिक म्हणाला.

"माझी वेफलं खाऊन फुगली," बोर्गहिल्ड म्हणाली.

खरे सांगायचे तर ओलाव्याने चौकट फुगली होती. पण माझ्याबद्दल कोणी खरे बोलायची ही वेळ नव्हती. चौकट काढून त्यांनी मला लाकडी घसरगाडीवर चढवले आणि वीस माणसे दोर ओढू लागली. गोठलेल्या तळ्यावरून जाताना बर्फ असा कण्हला, की खालचा एक म्हातारा मासा वर येऊन बघून गेला. पुलावर समोरून दोघेजण हॉलातली शेगडी सहज हातांवर घेऊन येत होते. चिमुकली, कुशीवर फुलांची नक्षी. आम्हांला बोलायला तेवढाच वेळ मिळाला.

"तिथे मला जमेल ना?" तिने विचारले.

"खोली तुझ्या मापाची आहे. मागाजवळ बसवतील, सूत सांभाळ," मी म्हटले. "आणि हॉलात काय काय आहे?"

"उत्तरेकडच्या दारातून वारा येतो. आणि मागच्या रांगेत एक बुवा बेसूर गातो. त्याला जरा जास्त ऊब दे, म्हणजे झोपतो."

हॉल पाहताच मला हायसे वाटले. उंच छत, मोठी दारे, सारखी ये-जा. आस्मुंडने धुराडे आधी तपासले, मग मला जोडले. एम्ब्रिकने कोरडी लाकडे घातली, झडप पूर्ण उघडी ठेवली आणि मी तोंड उघडून लख्ख जळले. धूर कसा तो दिसेना. गुरुवारी गाणारी मंडळी आली आणि तीन हिवाळ्यांत पहिल्यांदा त्यांनी कोट काढले. तेव्हा समजले की सेव्हाट विजार धरायला खांद्यांवरून लाल पट्टे लावतो आणि आस्मुंडच्या स्वेटरला एकच बाही आहे. बेसूर बुवा दुसऱ्या गाण्याला झोपला.

पण मला एकच घोर लागला होता. त्या घरात काय झाले असेल? एम्ब्रिकला विचारायची सोय नव्हती, आणि उंदरीण तर हॉलात येऊन वाद्यांच्या पेटाऱ्यात रमली होती.

मग एका गुरुवारी दार उघडले आणि एक ठेंगणी, गोल बाई आत आली. तिने तोंड उघडताच मी ओळखले. तोरा!

"तू येत नाहीस, म्हणून मीच न्यायला आले," ती बोर्गहिल्डला म्हणाली आणि माझ्याजवळची खुर्ची ओढून बसली. "सामान भरलंस?"

"मी येत नाही, तोरा."

"का? घर तापतं आता?"

"तापतं."

"मग ऊब इथेही आणि तिथेही. तिथे निदान लाकडं तर वाहायला नकोत."

बोर्गहिल्डने गाण्याच्या चोपड्या मांडीवर सारख्या केल्या. "अगं, संध्याकाळी मी मागावर असते. तो बाकावर बसून चमचे कोरत असतो. चमचे भिकार होतात त्याचे. पण मान वळवली की दिसतो. अख्खा हिवाळा एका घरात राहून आम्ही दोन दारांआड बसलो होतो, तोरा. आता एका खोलीत बसतो. तुझ्या बटणानं हे होईल?"

तोराने बूट काढले, मोजे काढले आणि पाय माझ्यासमोर धरले.

"मग त्या मास्तराला खोली देऊन टाकू?"

"दे."

दारात एम्ब्रिक लाकडांचा भारा घेऊन उभा होता. त्याने सगळे ऐकले होते. त्याच्या हातातून एक ओंडका सुटून त्याच्याच पायावर पडला, पण तो ओरडला नाही. वाकून माझ्या तोंडात लाकडे घालू लागला, एकामागून एक, न थांबता.

"दोन पुरेत," बोर्गहिल्ड म्हणाली.

तो लगेच थांबला.

मित्रांनो, तेव्हापासून मी याच हॉलात आहे. माझी कूस मुले गुरुवारी फडक्याने पुसतात आणि हरीण की बोकड म्हणून भांडतात. दर शरद ऋतूत आस्मुंड येतो, धुराडे झाडतो आणि आता न विचारताही दोन शब्द बोलून जातो. त्याच्यासाठी हे फार झाले.

तुम्हीही कधी घरात शेगडी आणाल, किंवा दुसरे काही मोठे, आवडते, जुन्या आठवणींचे. आणा, जरूर आणा. मात्र आधी ज्यांना तिच्याजवळ बसायचे आहे, त्यांना विचारा. मग खोली मोजा. दार मोजायला विसरू नका, पण ते शेवटी. आणि एकदा आणली की तिला दाबून, गुदमरवून ठेवू नका. कोरडे लाकूड द्या, मोकळा श्वास द्या, वर्षातून एकदा तिचा घसा साफ करा. माझ्यासारखी मोठी शेगडी असो नाहीतर त्या चिमुकलीसारखी, आपल्या मापाची जागा मिळाली की ती शंभर वर्षे काम करते आणि तक्रार करत नाही.

बरे, पुरे आता. बाहेर माणसे बूट आपटून बर्फ झटकताहेत, गाणे सुरू होईल. जाता जाता माझ्यात दोन लाकडे टाका. सुकी बघून घ्या हं.